घरातील शस्त्र : कुलपात, तरीही हाताशी

(जांब समर्थ येथे परवानाधारक शेतकरी व ग्रामसुरक्षा दलाचे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



ही समर्थांची जन्मभूमी आहे. इ. स. १६०८ मध्ये सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला आणि बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो खरोखरीच सावध झाला, ही कथा येथील लेकराबाळांनाही ठाऊक आहे. त्याच गावातून ऑगस्ट २०२२ मध्ये श्रीराम मंदिरातील पंचधातूच्या प्राचीन मूर्ती रात्रीच्या अंधारात चोरीस गेल्या. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले आणि ऑक्टोबरअखेरीस पोलिसांनी मूर्ती हस्तगत केल्या. देव परत आले. परंतु ज्या घरात जोखीम आहे, तेथे जागरूकता हवी, हा धडा मागे राहिला.

देवाच्या दारी चोर येतो, तर आपल्या दारी का येणार नाही, हा विचार त्यानंतर अनेकांच्या मनात आला असेल. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित दुनळी बंदूक किंवा परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे, त्यांचा हात नकळत तिकडे वळतो. शस्त्र बाळगावे की नाही, हा आजचा विषय नाही. ज्याने बाळगले आहे, त्याने ते घरात ठेवावे कसे, एवढेच मला सांगायचे आहे. शस्त्र घेण्यासाठी माणूस वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो. ते ठेवण्याचा विचार मात्र एक संध्याकाळभरही करीत नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. परवाना घराला नसतो, कुटुंबाला नसतो. तो एका व्यक्तीला असतो. वडिलांच्या नावावरील बंदूक मुलाने किंवा पुतण्याने हाताळावी, ही आपल्याकडील जुनी रीत कायद्याला मान्य नाही. म्हणजेच घरातील शस्त्राला एकच हात मोकळा असावा आणि बाकी सर्व हातांना ते बंद असावे. शस्त्र ठेवण्याची सारी विद्या या एका वाक्यात आली.

ही अट मोडली की काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच राज्यातील आहेत. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा हे मुंबईतील आपल्या घरी परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवीत असताना गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली. घरात कोणी शत्रू नव्हता. भरलेले शस्त्र मात्र होते. दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मारेकऱ्याने वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा! ज्या कुलपाची किल्ली दुसऱ्यालाही सापडते, ते कुलूप नव्हे. ती केवळ शोभा आहे.

आता आपल्यापैकी कोणी विचारील, “महाराज, रात्री दोन वाजता दार फुटत असताना मी कुलूप उघडीत बसू काय?” प्रश्न रास्त आहे. म्हणूनच पुष्कळजण बंदूक भरून खुंटीला टांगतात, नाहीतर रिव्हॉल्व्हर उशाखाली घेऊन झोपतात. परंतु विचार करा. आपल्याला हवा असलेला वेळ कुलूप काढून टाकून मिळवायचा नसतो. तो दाराकडून मिळवायचा असतो. भक्कम दार, आतून आडणा, अंगणात दिवा, भुंकणारा कुत्रा, हाकेला धावून येणारा शेजारी आणि ११२ क्रमांकावर तत्काळ केलेला दूरध्वनी, ही संरक्षणाची पहिली फळी. ती मजबूत असेल तर चोर आत येण्यापूर्वी अर्धा-एक मिनिट निश्चित मिळते. चांगली पेटी उघडण्यास काही क्षण पुरतात. ही फळीच नसेल, तर उशाखालचे शस्त्र झोपेतल्या माणसाच्या आधी चोराच्या हाती लागू शकते.

पेटी निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, तिची बैठक. जाड पोलादाची पेटीसुद्धा मोकळी असेल, तर चोर ती शस्त्रासह उचलून नेतो. म्हणून ती आतून बोल्टने जखडावी लागते. आपल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती बोल्ट धरीत नाहीत. तेथे सिमेंटची जमीन किंवा काँक्रीटचा खांब शोधावा. जागा निजावयाच्या खोलीतील असावी. बैठकीत पाहुण्यांच्या नजरेसमोर किंवा चुलीजवळ नसावी. दुनळीसाठी उंच पोलादी कपाट लागते, रिव्हॉल्व्हरला लहान पेटी पुरते.

दुसरी गोष्ट कुलपाची. किल्लीचे कुलूप साधे आणि भरवशाचे. पण आपल्या घरात किल्ली देव्हाऱ्यामागे नाहीतर कोनाड्यात असते आणि ती जागा सर्वांत आधी मुलांना ठाऊक होते. विजेरीवर चालणारे आकड्यांचे कुलूप जलद उघडते. मात्र विजेरी उतरली की अडते. तिसरा प्रकार बोटाच्या ठशाचा. शिधावाटप दुकानातील यंत्र आपल्या कष्टकऱ्यांचे अंगठे कितीदा ओळखत नाही, हे मी आपणांस सांगावयास नको. कापूस वेचून, खुरपे धरून झिजलेली बोटे मध्यरात्री घामाने ओली असताना यंत्राने ओळखावीत, ही अपेक्षा धाडसाची आहे. उलट अपायही असतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये फोर्ट्रेस नावाच्या कंपनीच्या सुमारे ६१ हजार पेट्या परत मागविण्यात आल्या. मालकाला आपला ठसा नोंदवला गेला असे वाटत असतानाही त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या. अशाच एका पेटीतील शस्त्राने १२ वर्षांच्या मुलाचा बळी गेला होता. या सर्वांचा विचार करता, विजेशिवाय चालणारे, बोटांनी चाचपून क्रमाने दाबावयाच्या कळांचे यांत्रिक कुलूप मला आपल्या परिस्थितीत सर्वांत योग्य वाटते. ते अंधारात उघडते, भारनियमनात उघडते आणि त्याची किल्ली केवळ स्मरणात असते. आकडे मात्र जन्मतारखेचे किंवा गाडीच्या क्रमांकाचे नसावेत.

तिसरी गोष्ट काडतुसांची. बंदूक रिकामी आणि काडतुसे वेगळ्या कुलूपबंद डब्यात, हा नियम मोडू नये. दुनळीत दोन काडतुसे घालावयास सरावलेल्या हाताला फारसा वेळ लागत नाही. चौथी गोष्ट सरावाची. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, रिकाम्या शस्त्रानिशी महिन्यातून एकदा दिवे मालवून पेटी उघडून पाहावी. पावसाळ्यात कुलूप गंजते, नळीला तेल लागते. तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

कुलपाबाहेरही काही प्रसंग जपावे लागतात. खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो. पाटावर मांडण्यापूर्वी ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि आरती झाली की प्रसाद वाटण्याआधी शस्त्र पेटीत जावे. वरातीत बार काढण्याची हौस आता गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यात्रेला किंवा दीर्घकाळ परगावी जाताना शस्त्र पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून द्यावे. परवानाधारक निवर्तला तर वारसांनी ते घरी न ठेवता त्वरित जमा करावे.

आणखी एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगतो. मराठवाड्यात नापिकी आणि कर्ज यांनी किती घरे उजाड केली, हे आपण पाहिले आहे. घरात कोणी खचलेला असेल, व्यसनाच्या आहारी गेलेला असेल, किंवा स्वतः परवानाधारकच निराश असेल, तर पेटीवर विसंबू नका. शस्त्र त्याच दिवशी घराबाहेर, पोलीस ठाण्यात जमा करा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका. निराशेचा झटका पुष्कळदा ओसरतो. तो ओसरेपर्यंत साधन हाताशी नसणे, यातच जीव वाचतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही स्वसंरक्षणाचा अधिकार पूर्वीप्रमाणे मान्य केला आहे. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत तो अधिकार मोठा आहे. परंतु आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. अंधारात दार लोटणारा आपलाच उशिरा परतलेला मुलगा असू शकतो. पेटी उघडण्याचे ते चार क्षण समोर कोण आहे हे ओळखण्यासाठीही असतात.

समर्थांनी बलोपासना शिकवली, ठिकठिकाणी मारुती स्थापिला. बलाला विवेकाचे कुंपण हवे, हेही त्यांनीच शिकवले. आज घरी गेल्यावर, ज्यांच्याकडे शस्त्र आहे त्यांनी एवढेच करावे : ते कोठे आहे, भरलेले आहे काय आणि त्याच्यापर्यंत किती हात पोहोचतात, हे पाहावे. उत्तर ‘एकापेक्षा अधिक’ असे आले, तर उद्या शेतावर जाण्याआधी कुलपाची व्यवस्था करावी.

जय जय रघुवीर समर्थ!