माईक चालू ठेवा
मी गोंदियाचा. दिवसा कोडिंग, रात्री ऑनलाइन जर्मन क्लास. जर्मनमध्ये 'मुलगी' नपुंसकलिंगी, 'दास मेडशेन'! परवा मी चुकलो, सगळे हसले. दोन दिवस माईक बंदच ठेवला ना भाऊ!

मग थॉमस स्टीफन्स आठवला. हा इंग्रज मिशनरी १५७९ मध्ये गोव्यात उतरला, तेव्हा जेमतेम तिशीचा. आपलं तो-ती-ते त्यालाही घोकावं लागलंच असेल. पण सासष्टीच्या गावांत तो लोकांमध्ये राहिला, बोलत राहिला. १६१६ मध्ये त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून आलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं!

म्हणजे ३७ वर्षं. माझे आत्ता कुठे सहा महिने झालेत. आज माईक चालू ठेवतोय. चुकलो तर हसा, पण दुरुस्तही करा.