विसरलेलं जर्मन पुन्हा शिकताना



कधीकाळी जर्मन शिकलेली माणसं पुण्यात गल्लोगल्ली भेटतात. कुणी रानडे इन्स्टिट्यूटमधून सर्टिफिकेट कोर्स केलेला असतो, कुणी मॅक्सम्युलर भवनात दोन-तीन लेव्हल, कुणी शाळेत संस्कृतऐवजी जर्मन घेतलेलं असतं. पुढे नोकरी, संसार, आणि जर्मन मागे पडतं. यातली बरीच मंडळी आता पुन्हा त्या वाटेला लागली आहेत. कुणाला चाकणच्या कंपनीत गरज पडते, कुणाची मुलगी श्टुटगार्टला असते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळासाठी बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याशी करार केला, तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआयवाल्यांचीही यात भर पडली आहे. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: ‘मॅडम, ग्रामरच्या प्रॅक्टिससाठी काय घेऊ?’

माझं पहिलं सांगणं असं की, जुनं पुस्तक काढून पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नका. ‘माझं नाव अमुक, मी तमुक गावचा’ हे तुम्हाला येतंच. ते वाचताना सगळं आठवतंय असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. वाचलेलं कळणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर वाक्य लिहिता येणं वेगळं. पुन्हा शिकणाऱ्याचं कळणं बऱ्यापैकी शाबूत असतं, गेलेलं असतं ते लिहिणं-बोलणं. म्हणून आधी आपण कुठे आहोत ते तपासा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर लेव्हल अजमावण्याची छोटी चाचणी फुकट आहे. ती द्या, आणि कुठे अडलात तेवढं लिहून ठेवा. सरावाची यादी त्या अडण्यावरून करायची.

आपण मराठी माणसं बहुधा दोन ठिकाणी अडतो. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, विभक्तीचंही भय नाही. अडतं ते दोन वेगवेगळ्या विभक्ती घेणाऱ्या नऊ शब्दयोगींपाशी. उदाहरण सांगते. ‘मी पुस्तक टेबलावर ठेवते’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’. मराठीत दोन्हीकडे ‘टेबलावर’च. जर्मनमध्ये ठेवताना ‘आउफ डेन टिश’, आणि ते तिथे असताना ‘आउफ डेम टिश’. दुसऱ्या जागी नेणारी हालचाल असेल तर अक्कुझाटिव्ह विभक्ती, त्याच जागी असेल तर डाटिव्ह. नियम एका ओळीचा आहे, पण बोलण्याच्या ओघात तो हाताशी यायला शेकडो वाक्यं लिहावी लागतात.

दुसरं अडतं क्रियापदाच्या जागेपाशी, आणि तिथे दोष इंग्रजीचा आहे. आपण जर्मन शिकलो ते इंग्रजीतून, त्यामुळे ‘वाइल’ आलं की क्रियापद घाईने पुढे टाकतो. खरं तर ‘वाइल इश क्रांक बिन’ हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून ‘कारण मी आजारी आहे’ असंच आहे. क्रियापद शेवटी! अशा वाक्यांचा सराव करताना इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीतून थेट जा.

आता साधनांकडे येते. मोबाइलवर चार पर्यायांतून एकावर बोट ठेवायला लावणारे खेळ भरपूर आहेत. बसमध्ये वेळ घालवायला ते ठीक, पण त्यात पुन्हा ओळखण्याचीच सवय होते. वहीत हाताने वाक्य लिहायला लावणारा स्वाध्याय पाहिजे, आणि त्याची उत्तरं पाहिजेत. उत्तरांशिवायचं व्याकरणाचं पुस्तक एकट्याने अभ्यास करणाऱ्याच्या फारसं कामाचं नाही. कोर्नेलसन प्रकाशनाचं ‘ग्रामाटिक आक्टिव्ह’ सुरुवातीच्या आणि मधल्या पातळीला चांगलं आहे. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर स्वाध्याय, त्यामुळे रोज एक जोडपान होतं. थोडं पुढे गेलेल्यांसाठी ह्युबर प्रकाशनाचं ड्रायर आणि श्मिट यांचं जाडजूड पुस्तक आहे. त्याच्या पिवळ्या रंगावरून जर्मनीतही त्याला ‘पिवळं’ म्हणतात. स्वाध्यायांचा एवढा मोठा साठा क्वचितच दुसरीकडे सापडेल. दोन्ही एकदम घेऊ नका.

एक गोम मात्र आहे. ‘डाटिव्ह’ असं शीर्षक असलेल्या धड्यात सगळी उत्तरं डाटिव्हचीच असतात, त्यामुळे दहापैकी दहा येतात आणि आपण खूश होतो. खरी परीक्षा मिश्र स्वाध्यायांत असते. लाइपझिगच्या शुबर्ट प्रकाशनाने पातळीप्रमाणे लावलेले असंख्य स्वाध्याय इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यातले वेगवेगळ्या धड्यांचे चार-पाच एका बैठकीत मिसळून सोडवा.

रेडिओवरून बोलते आहे, तेव्हा हेही सांगायला हवं. डॉइच्च वेले या जर्मन प्रसारण संस्थेने गोएथे इन्स्टिट्यूटबरोबर ‘डॉइच्च, वारुम निश्त?’ नावाची श्राव्य मालिका केली होती. हॉटेलात पोर्टरचं काम करणारा आंद्रेआस आणि त्याच्याबरोबरची अदृश्य, वात्रट एक्स. जुनी असली तरी व्याकरण कानावाटे रुजवण्यात ती आजही मागे नाही. हल्लीच्या मुलांना त्याच संस्थेची ‘निकोस वेग’ ही चित्रमालिका आवडते. जर्मनीत विमानतळावर उतरताच बॅग हरवून बसलेल्या स्पॅनिश मुलाची ती गोष्ट आहे. दोन्ही फुकट.

माझा सगळ्यात आवडता स्वाध्याय मात्र घरीच करायचा आहे. डॉइच्च वेले सावकाश वाचलेल्या बातम्या देते, सोबत लेखी मजकूरही असतो. एक परिच्छेद छापून घ्या. त्यातली डेर, डी, दास आणि विशेषणांची शेपटं पांढऱ्या शाईने खोडा. कागद चार दिवस बाजूला ठेवा, मग रिकाम्या जागा भरा आणि मूळ मजकुराशी ताडून पाहा. आधी ऐकून भरू नका, कारण ‘डेन’ आणि ‘डेम’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. चुकलेल्या प्रत्येक जागेसमोर कारण लिहा: लिंग चुकलं, विभक्ती चुकली, की शब्दयोगी. दोन आठवड्यांत आपलं दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतं.

अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घेणाऱ्यांना एक सूचना. जर्मन शुद्धलेखनाचे नियम १९९६ साली बदलले आणि २००६ साली त्यांत पुन्हा दुरुस्ती झाली. १९९६आधीच्या पुस्तकांत ‘दास’ हे उभयान्वयी अव्यय जुन्या जोड-‘स’ने लिहिलेलं दिसेल, आता तिथे दोन ‘स’ लिहितात. व्याकरण तेच आहे, तेव्हा पुस्तक टाकून देऊ नका. लेखन मात्र नवं ठेवा.

परीक्षा द्यायची असेल तर गोएथेच्या नमुना प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. बी-१ पातळीच्या परीक्षेला वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग आहेत. ते सुटेसुटे देता येतात, आणि प्रत्येकात १००पैकी ६० गुण लागतात. यातलं वाचन-श्रवण घरी आपलं आपल्याला तपासता येतं. लेखन मात्र येत नाही, आपली चूक आपल्याला दिसत असती तर ती झालीच नसती. तेव्हा पैसे खर्च करायचेच असतील, तर नवं पुस्तक किंवा ॲप घेण्याऐवजी आठवड्याला एक पानभर लिहा, आणि ते लाल शाईने तपासून देणाऱ्या शिक्षकाला त्याची फी द्या.