दम लागणं आणि दम खाणं



पुण्याकडे निघालेल्या गाड्या कर्जतला थांबतात त्या काही वडापावसाठी नव्हे, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मागे बँकर इंजिनं लागल्याशिवाय त्यांतल्या बहुतेकींना बोरघाट चढवत नाही. सदतीस मीटरला एक मीटर असा तो चढ. माणसाला जादा इंजिन जोडता येत नाही. पण आहे त्याच इंजिनाचा जोर वाढवता येतो आणि त्यासाठी रोज तासभर काढावाच लागतो असंही नाही. शहरातल्या जिममध्ये याला 'हिट' म्हणतात, म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. दम लागेपर्यंत जोर करायचा, मग दम खायचा, आणि पुन्हा जोर.

जोराच्या त्या मिनिटांमुळे हृदय हळूहळू दर ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं. स्नायूंतला साखरेचा साठा झपाट्याने उपसला जातो. तो भरून काढायला स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि पुढचा दिवसभर तरी इन्सुलिनचं काम हलकं होतं. मधली विश्रांती म्हणजे कामचुकारपणा नव्हे. तिच्यामुळेच पुढचा जोर खरा होतो.

जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक इरिसावा यांची अशीच एक पद्धत इझुमी ताबाता यांनी तपासली आणि १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २० सेकंद जीव तोडून सायकल, १० सेकंद थांबा, असं सात-आठ वेळा. सहा आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढलीच, शिवाय प्राणवायू अपुरा पडल्यावरही टिकणारा जोर २८ टक्क्यांनी वाढला. तासभर मध्यम गतीने सायकल चालवणाऱ्या गटाला हा दुसरा लाभ झाला नाही. मात्र प्रयोगातली मुलं शारीरिक शिक्षणाची तरुण विद्यार्थी होती आणि शेवटच्या फेरीपर्यंत पार थकून जात. मोबाइलवर 'चार मिनिटांत ताबाता' म्हणून जे दिसतं, ते या प्रयोगाचं लांबचं नातलग.

रुग्णांचं काय? नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमला उल्रिक विस्लॉफ यांनी हृदय कमजोर झालेल्या २७ वयस्कर रुग्णांवर चार-चार मिनिटांच्या जोरकस फेऱ्यांचा प्रयोग केला. २००७ मध्ये आलेले आकडे थक्क करणारे होते: कमाल क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली, मध्यम व्यायामाने १४ टक्के. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, युरोपातल्या अनेक केंद्रांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा हा फरक टिकला नाही. म्हणजे पद्धत उपयोगाची आहे, पण जादूची नाही.

आता घरचं बोलू. माथेरान कर्जत तालुक्यातलंच. तिथे मोटारींना बंदी, म्हणून पर्यटकांना बसवून लाल मातीच्या चढावर हातरिक्षा ओढली गेली, पिढ्यानपिढ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. रिक्षा ओढणाऱ्याचा व्यायाम तीव्र होता, यात शंका नाही; पण थांबायचं कधी हे त्याच्या हाती नव्हतं. फिरायला गेलेला माणूस दम लागला की कड्यावर बसतो. रिक्षावाल्याला गिऱ्हाइकाची गाडी गाठायची असायची. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अतिकष्टाचं काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त आढळला. कारणांत गरिबीचा वाटा किती, हा वाद आहे. तरी वाडीवरून डोक्यावर मोळी आणणाऱ्या ठाकर किंवा कातकरी बाईला 'थोडा व्यायाम करत जा' असं सांगणारा डॉक्टर तिच्याकडे नीट पाहत नाही, एवढं तरी म्हणायलाच हवं. तिला पोटभर जेवण आणि विसावा लिहून द्या.

हिटची गरज आहे ती दुसऱ्याला. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा, जाऊन-येऊन चार-पाच तास बाकावर घालवणारा आणि स्टेशनपासून घरापर्यंतही स्कूटरवर बसणारा कर्जत-खोपोलीचा नोकरदार. त्याची सबब वेळेची असते आणि ती खोटी नाही. ब्रिटनमध्ये व्यायाम न करणाऱ्या २५,२४१ जणांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. दिवसातून तीनदा मिनिट-दोन मिनिटं दम लागेल अशी हालचाल ज्यांच्याकडून सहज घडत होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसलं. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण रेल्वेच्या पुलाचे जिने झपाझप चढायला तिकीट तर लागत नाही!

तेव्हा डॉक्टरहो, चाळिशी उलटलेल्या माणसाचा रक्तदाब, साखर आणि गरज वाटल्यास ईसीजी आधी पाहा. छातीत दुखत असेल तर चढ बंद, तपासणी आधी. बाकीच्यांना गोळ्यांच्या खाली तेवढ्याच स्पष्ट अक्षरात लिहा: दहा मिनिटं सपाटीला चालणं, मग एक मिनिट चढ, इतका जोरात की सलग वाक्य बोलता येऊ नये, मग दोन मिनिटं सावकाश. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत. आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये एक दिवस सोडून. आणि पहिल्या आठवड्यात दोनच चढ लिहा.