वाट कोठे अडली?

सायंकाळचे सात वाजलेले असतात. इंदूरच्या एका मराठी घरातील आजोबा संगणकासमोर येऊन बसतात. नात कॅनडात शिकत असते. तिच्याकडे त्या वेळी सकाळ असते आणि कॉलेजला जाण्यापूर्वीची दहा मिनिटे ती आजोबांसाठी राखून ठेवते. आज मात्र पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरत राहते आणि चेहरा काही उमटत नाही. "इंटरनेट बंद पडले," असे म्हणून आजोबा हताश होतात.

वास्तविक या एका वाक्यात अनेक निरनिराळे बिघाड दडलेले असतात. नळाला पाणी आले नाही, तर शहाणी गृहिणी प्रथम घरातील दुसरा नळ सोडून पाहते, मग शेजारी विचारते आणि त्यानंतरच नगरपालिकेला दोष देते. इंटरनेटच्या बाबतीतही क्रम हाच. एकच संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष बहुधा त्या स्थळाचा. एकच यंत्र अडले असेल, तर दोष त्या यंत्राचा. ही परीक्षा मोबाइलवर घ्यावयाची, तर सिमकार्डावरील डेटा आधी बंद करावा. नाहीतर मोबाइल आपल्या स्वतंत्र वाटेने जातो आणि परीक्षा फसते.

आजी आपला मोबाइल आणतात. त्यावर वाय-फायच्या साऱ्या रेघा भरलेल्या दिसतात, पण बातम्या उघडत नाहीत. येथेच पुष्कळांची फसगत होते. त्या रेघा मोबाइल आणि घरातील पेटी यांच्यामधील वाटेपुरत्याच बोलतात. पेटीपासून पुढच्या जगाविषयी त्या काहीच सांगत नाहीत.

मग पेटीकडेच पाहावे. आज अनेक घरांत इंटरनेट येते ते काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने. ज्या गाभ्यातून हा प्रकाश धावतो त्याचा व्यास सुमारे ९ मायक्रॉन, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक. पेटीवरील 'पॉन' हा दिवा स्थिर असला, म्हणजे कंपनीच्या केंद्राशी संबंध जुळलेला आहे असे समजावे. 'लॉस' हा दिवा एरवी विझलेला असतो. तो तांबडा झाला, की बाहेरून प्रकाश पोहोचत नाही असा त्याचा अर्थ.

'लॉस' विझलेला, 'पॉन' स्थिर आणि तरीही काही चालत नसेल, तर योजनेची मुदत संपली नाही ना, हे पाहावे. मग पेटीची वीज अर्धा मिनिट बंद करून पुन्हा द्यावी आणि चार-पाच मिनिटे धीर धरावा. पेटी आपली तात्पुरती स्मृती पुसून नव्याने पत्ता मागते आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. मात्र मागील बारीक भोकात टाचणी खुपसू नये. तेथील कळ दाबली गेली, तर जोडणीच्या साऱ्या नोंदी पुसल्या जातात. कधी वाट मोकळी असूनही नावावरून स्थळाचा आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था रुसते. 'डीएनएस' नावाची ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. आजही जगाची भिस्त तिच्यावरच आहे.

आजोबांच्या पेटीवर 'लॉस' तांबडा लुकलुकत असतो. अशा वेळी वीज बंद-चालू करून उपयोग नसतो. तंतू तुटला असेल, तर कारागिराला बोलावण्यावाचून गत्यंतर नाही. तक्रार देताना कोणता दिवा कसा आहे आणि केव्हापासून, हे सांगावे व तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा. तंतूचे टोक काढून त्यात डोकावू मात्र नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो. परंतु तक्रारीपूर्वी घरातील तारेवरून एकदा नजर फिरवावी. काच तुटली नाही, नुसती फार वाकली, तरी प्रकाश वळणावर बाहेर निसटतो.

आजोबा तारेचा माग काढीत जातात. सकाळी झाडलोटीसाठी सरकविलेले कपाट भिंतीला टेकलेले असते आणि तार त्यामागे दुमडलेली. दोघे मिळून कपाट हळूच पुढे ओढतात. तांबडा दिवा विझतो. 'पॉन' काही वेळ लुकलुकतो आणि स्थिर होतो.

"आजोबा, आज इतका उशीर?" नात विचारते.

"अगं, वाटेत कपाट आडवे आले होते," आजोबा म्हणतात.

दहापैकी तीन मिनिटे अजून उरलेली असतात.