पोपचें आसन सोडणारा शेतकऱ्याचा मुलगा

(रात्रशाळेच्या मंडळींपुढें दिलेलें भाषण)



आज इटली देशांतल्या एका म्हाताऱ्या बैराग्याची हकीकत सांगतों. पोप म्हणजे रोमचे मुख्य ख्रिस्ती धर्मगुरु. मध्ययुगांत राजेसुद्धां त्यांच्यापुढें वांकत. त्या आसनावर १२९४ सालीं एक शेतकऱ्याचा मुलगा बसला, आणि पांच महिन्यांनीं आपण होऊन खालीं उतरला.

त्यांचें नांव पिएत्रो. बारा भावंडांतले एक. बाप लवकर वारला. आईनें हाल सोसून मुलाला अक्षरओळख करून दिली. पुढें ते मोरोने डोंगरांत गुहेंत राहूं लागले. शिष्य जमले, पंथ उभा राहिला. तो मोडूं नये म्हणून १२७४ सालीं, साठी ओलांडल्याच्या सुमारास, ते दूर लियों शहरापर्यंत जाऊन आले व पोपची मान्यता मिळविली. भोळे होते, पण मूर्ख नव्हते.

१२९२ सालीं पोप निकोलस चौथे वारले. नवा पोप निवडणारे कार्डिनल मोजके बाराच. पण बड्या घराण्यांच्या तटांमुळें सव्वादोन वर्षें त्यांचें एकमत होईना. शेवटीं ५ जुलै १२९४ रोजीं त्यांनीं डोंगरांतल्या या ऐंशीच्या घरांतील म्हाताऱ्याला निवडलें. पिएत्रो गाढवावर बसून लाक्विला शहरांत आले; लगाम धरून नेपल्सचा राजा चार्ल्स व त्याचा मुलगा चालत होते. पोप सेलेस्टाइन पांचवे हें नांव त्यांनीं घेतलें.

पण ज्यानें लगाम धरला, त्यानें तो सोडला नाहीं! राजानें पोपना रोमला न नेतां नेपल्सला आपल्या वाड्यांत ठेविलें. बारा नवे कार्डिनल नेमले गेले, त्यांत सात फ्रेंच, म्हणजे राजाच्या जातकुळीचे. दरबारचें काम लॅटिनमध्यें चाले, आणि पोपना ती भाषा नीट येत नसे. त्या काळच्या लोकांनीं लिहून ठेविलें आहे कीं, एकच जागा तिघाचौघांना दिली गेली, आणि मोहोर केलेलीं कोरीं चर्मपत्रेंही बाहेर गेलीं.

मंडळी, कोऱ्या कागदाचा अर्थ मीं सांगावयास नको. सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवून ज्यांच्या आज्यांचीं शेतें गेलीं, त्यांना तो पुरता ठाऊक आहे. मोहोर एकाची, मजकूर दुसऱ्याचा!

आपल्या नांवावर काय चाललें आहे हें म्हाताऱ्यांनीं ओळखलें. कायदेपंडित कार्डिनल बेनेदेत्तो काएतानी यांचा सल्ला घेतला, आणि १३ डिसेंबर १२९४ रोजीं सर्वांसमोर राजीनामा वाचून पोपचीं वस्त्रें उतरविलीं. अकरा दिवसांनीं तेच काएतानी बोनिफेस आठवे या नांवानें पोप झाले! लोक पुन्हा म्हाताऱ्याभोंवतीं जमतील या भीतीनें त्यांनीं पिएत्रोंना फुमोनेच्या किल्ल्यांत कोंडलें. तेथेंच १९ मे १२९६ रोजीं त्यांचा अंत झाला. १३१३ सालीं त्यांना संत ठरविण्यांत आलें.

त्यांच्या कारकीर्दींतला एक कागद मात्र खरोखर त्यांचा होता. २९ ऑगस्टच्या सणाला जो कोणी पश्चात्तापानें लाक्विलाच्या कोलेमाज्जो देवळांत येईल, त्याला पापांची पूर्ण क्षमा. अशी माफी तेव्हां सहसा धर्मयुद्धावर जाणाराला मिळे. येथें ती गरिबाला, एक पैसा न घेतां. बोनिफेस यांनीं ती रद्द केली. पण गांवकऱ्यांनीं मूळ कागद हातचा जाऊं दिला नाहीं! आजही तो उत्सव दरवर्षी होतो. २०१३ सालीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं राजीनामा दिला, तेव्हां साऱ्या जगाला या म्हाताऱ्यांची आठवण झाली.

खुर्ची आपल्या माणसाला मिळाली म्हणजे सत्ता मिळाली असें नव्हे. खुर्चीपुढचा कागद ज्याला वाचतां येतो, सत्ता त्याची. आणि वाचतां येत नसेल, तर खुर्ची सोडण्याची हिंमत तरी हवी; ती पिएत्रोंपाशीं होती. म्हणून मुलांमुलींना शाळेंत धाडा, आणि न वाचलेल्या कागदावर सही करूं नका.