विवेकाचे मत : १९६९ च्या एका निवडणुकीचे चिंतन

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)





न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा आनंदसोहळा आहे. अशा प्रसंगी दात्यांचे स्मरण आणि पूर्वसूरींचे गुणगान व्हावे हे उचितच आहे, आणि माझ्याआधीच्या वक्त्यांनी ते उत्तम रीतीने केले आहे. मला मात्र आयोजकांनी विषयाची मोकळीक दिली. त्या मोकळिकीचा लाभ घेऊन आपल्या जिल्ह्याशी निकटचा संबंध असलेला, पण आज काहीसा विस्मरणात गेलेला एक प्रसंग मी आपल्यापुढे ठेवणार आहे. विषय मतदानाचा आहे. मत देताना माणसाने अखेर कोणाचे ऐकावे, पक्षाचे, समाजाचे की स्वतःच्या विवेकाचे, हा त्यातला प्रश्न आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. भारताच्या राष्ट्रपतींना आपण नागरिक थेट मत देत नाही. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य ते मत देतात. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते. पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड या आपल्या जिल्ह्यातील सात मतदारसंघांचे मिळून ते १,२२५ होते. म्हणजे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आपला वाटा असतो, पण तो आपण निवडून दिलेल्या माणसांच्या हाती असतो. या निवडणुकीची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एक म्हणजे मतदान गुप्त असते आणि पक्षाचा आदेश, ज्याला आपण व्हिप म्हणतो, तो येथे बंधनकारक नसतो. दुसरे म्हणजे मतदार केवळ एका नावावर खूण करून मोकळा होत नाही. पहिली पसंती, दुसरी पसंती असा क्रम त्याला लावता येतो.

आता १९६९ सालाकडे वळू. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. नव्या निवडणुकीत पंधरा उमेदवार उभे होते, पण खरी लढत तिघांत होती. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. आणि तिसरे होते आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांचा पाठिंबा होता.

चिंतामणरावांचा जन्म १८९६ साली महाड तालुक्यातील नाते या गावी झाला, घराणे रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांनी काम पाहिले. संस्कृतचा त्यांचा व्यासंग एवढा, की कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. आजच्या पिढीला कदाचित त्यांचे नाव एवढेच ठाऊक असेल, की संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी राजीनामा दिला होता.

त्या राजीनाम्याची गोष्ट आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचा निर्णय १९५६ साली पुढे आला. मंत्रिमंडळात नीट विचारविनिमय न होता तो घेतला गेला, असा आक्षेप चिंतामणरावांनी लोकसभेत उभे राहून घेतला, आणि अर्थमंत्रिपद सोडले. आपल्याला निवडून देणाऱ्या कुलाब्याच्या लोकांचे दुःख आणि आपल्या मनाचा कौल, दोन्ही त्यांना एकाच दिशेने बोलावत होते.

पण येथेच थांबलो तर आपण केवळ आपल्या माणसाचे कौतुक करून घरी जाऊ. म्हणून उरलेल्या दोघांकडेही पाहू. गिरी हे कामगार चळवळीत वाढलेले नेते. नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते कामगारमंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाविषयी लवादाने दिलेल्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, तेव्हा १९५४ साली गिरींनी मंत्रिपद सोडले. त्या वेळी अर्थमंत्री कोण होते? चिंतामणराव देशमुखच. आणि रेड्डी? ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री असताना बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारवर प्रतिकूल शेरे मारले, आणि १९६४ साली त्यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर त्या आसनाचा निःपक्षपातीपणा जपण्यासाठी त्यांनी पक्षाचे सदस्यत्वही सोडले होते.

बंधुभगिनींनो, हा योग विलक्षण आहे. राष्ट्रपतिपदासाठी उभ्या असलेल्या तिघांनीही आयुष्यात एकदा तरी हातातले मोठे पद सोडून दिले होते. एकाने कामगारांसाठी, एकाने आपल्या भाषिक प्रांतासाठी, एकाने न्यायालयाच्या शब्दासाठी. तेव्हा मतदारांपुढचा प्रश्न सज्जन आणि दुर्जन यांतला नव्हता. तो प्रश्न सोपा असतो. येथे तीन योग्य माणसांतून एकाला निवडायचे होते, आणि अशा वेळी दुसऱ्याचे बोट धरून चालता येत नाही. मला स्वतःला राष्ट्रासाठी आज काय महत्त्वाचे वाटते, हे मतदाराला स्वतःशीच ठरवावे लागते.

त्यातही गुंतागुंत पाहा. निवडणुकीच्या ऐन तोंडावर, १९ जुलै १९६९ रोजी, सरकारने चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. स्वतंत्र पक्षाचा अशा धोरणाला कडाडून विरोध होता. पण त्या पक्षाने पाठिंबा दिलेले देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली होती आणि आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणाही त्यांच्याच कारकिर्दीत झाली होती. उमेदवाराच्या कपाळावर चिकटवलेली चिठ्ठी वाचून मत देणाऱ्याची येथे फसगत झाली असती. माणसाचे आयुष्य चिठ्ठीपेक्षा मोठे असते, आणि ते वाचायला श्रम लागतात.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर पंतप्रधान इंदिरा गांधी यांची सूचक म्हणून सही होती. परंतु पुढे काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केल्यावर त्यांनी पक्षादेश काढण्याचे नाकारले, आणि सदस्यांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, अशी भूमिका घेतली. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्द तेव्हापासून आपल्या राजकारणात रूढ झाला. कोणाला ती तत्त्वनिष्ठा वाटली, कोणाला पक्षशिस्तीचा भंग वाटला. त्या वादाचा निवाडा करण्यासाठी मी येथे उभा नाही. एक गोष्ट मात्र नोंदवतो. नेत्याने ‘अंतरात्म्याचे ऐका’ असे सांगितल्यावर ज्याचा अंतरात्मा नेमका नेत्याला हवे तेच बोलू लागतो, त्याने स्वतःला पुन्हा एकदा तपासून पाहावे. आणि पक्षाचा आदेश आहे म्हणून ज्याने विचारच केला नाही, त्यानेही.

१६ ऑगस्टला मतदान झाले आणि २० तारखेला मोजणी. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची पडली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. ती कोणालाच मिळाली नव्हती. मग बाद झालेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्या गेल्या. त्यांत देशमुखांना मिळालेल्या मतांचा भाग सर्वांत मोठा होता. त्यांतून रेड्डींना आणखी ९१,८७९ मिळाली, गिरींना १८,५६२. शेवटचे आकडे ४,२०,०७७ आणि ४,०५,४२७ असे झाले. सुमारे ८८ हजारांचे अंतर १४,६५० वर आले, पण गिरी विजयी झाले.

या आकड्यांत मला एक शिकवण दिसते. आपला आवडता उमेदवार हरणार हे ठाऊक असूनही देशमुखांना मत देणारे लोक होते. व्यवहारी माणूस म्हणेल, मत वाया गेले. पण त्यांच्या दुसऱ्या पसंतीने निकाल जवळजवळ पालटत आणला होता. ‘माझा माणूस नाही तर मग कोण?’ या प्रश्नाचेही उत्तर त्यांनी तयार ठेवले होते. आपल्या मनासारखे न झाल्यास पुढे काय, याचा विचार ज्यात आहे, ती निष्ठा परिपक्व. ज्यात तो नाही, तिला हट्ट म्हणतात.

या निवडणुकीला एक काळी बाजूही होती. रेड्डींच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे एक निनावी पत्रक खासदारांमध्ये वाटले गेले. निवडणुकीनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्षीला उपस्थित राहिले. १९७० साली याचिका फेटाळली गेली. निनावी पत्रकाचे त्या वेळचे काम आज भ्रमणध्वनीवरून क्षणात होते. संदेश कोणी लिहिला हे माहीत नाही, खरा की खोटा हे पाहिलेले नाही, तरी आपण तो पुढच्या चाळीस जणांना पाठवतो. बारीकसारीक जीवाला इजा होऊ नये म्हणून जपणारा आपला समाज आहे. वाणीनेही हिंसा होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. विरोधी उमेदवाराविषयी बोलतानाही ते व्रत सुटू नये.

आता आपल्या घराकडे येऊ. ‘आपला माणूस’ हे मत देण्याचे कारण होऊ शकते का? २००७ साली प्रतिभाताई पाटील यांच्या रूपाने जळगावची कन्या राष्ट्रपतिपदाची उमेदवार झाली, तेव्हा शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून मराठी व्यक्ती म्हणून त्यांना पाठिंबा दिला. प्रतिभाताई ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मतांनी निवडून आल्या. आपलेपणा ही खोटी भावना नाही. पण १९६९ साली मराठी माणूस म्हणून चिंतामणरावांचा अभिमान बाळगूनही एखाद्याने, कामगारांचा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो, म्हणून गिरींना मत दिले असेल, तर त्याला आपण परका म्हणायचे का? आपलेपणा तराजूत जरूर टाकावा. मात्र सगळा तराजू त्यालाच देऊन टाकू नये.

निवडणूक आली की आपल्या किनाऱ्यावरच्या गावागावांत उमेदवार समाजाच्या ज्येष्ठांना भेटायला येतात आणि विचारतात, ‘तुमच्या समाजाची मते कोणाकडे?’ प्रश्न आदराने विचारला जातो, चहाबरोबर विचारला जातो, कधी एखाद्या सभागृहाच्या किंवा रस्त्याच्या आश्वासनाबरोबर विचारला जातो. माझी ज्येष्ठांना हात जोडून विनंती आहे, की त्यांनी उत्तर द्यावे, ‘मते समाजाची नसतात, घरातल्या एकेका माणसाची असतात. आपण सर्वांना भेटा, सर्वांना समजावून सांगा.’ कायद्याचीही हीच दिशा आहे. धर्म, जात, समाज यांच्या नावाने मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार ठरतो, आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले, की उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही त्यात येते. एकगठ्ठा मतांचा सौदा झाला की समाजाला काही मिळत असेल, पण घरातल्या सुनेचे, नातवाचे, दुकानातल्या धाकट्या भावाचे मत त्यांना न विचारता दिले जाते. दुसऱ्याची वस्तू न विचारता देणे याला आपल्याकडे काय म्हणतात, हे या सभेला ठाऊक आहे.

काही जण म्हणतील, आपण अनेकांतवादी. प्रत्येक बाजूत सत्याचा अंश पाहणारे. मग ठाम मत तरी कसे धरावे? मला वाटते, अनेकांत आपल्याला मत टाळायला शिकवत नाही. आपण कोणत्या बाजूने पाहिले आणि दुसऱ्या बाजूचे काय ऐकले, हे प्रामाणिकपणे सांगून मग निर्णय घ्यायला तो शिकवतो. म्हणून मतदान केंद्रावर जाण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या निर्णयात माझा खाजगी लाभ नसता, तरी मी हेच ठरवले असते का? विरोधी उमेदवाराची सर्वांत चांगली बाजू मी त्याच्या समर्थकाकडून ऐकली आहे का? आणि माझा निर्णय हरला, तर निकाल मान्य करून मी जिंकलेल्यांशी पूर्वीसारखाच वागेन का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने सुंदर दिले आहे. १९६९ साली पराभूत झालेले संजीव रेड्डी १९७७ साली त्याच पदावर बिनविरोध निवडून आले. चिंतामणरावांनी पराभवाची कटुता धरली नाही. १९७५ साली राष्ट्राने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. १९८२ साली २ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. राष्ट्रपतिभवनात ते गेले नाहीत, पण कुलाब्याच्या खासदाराने आपल्या मनाचा कौल मानून अर्थमंत्रिपद सोडले होते, ही आठवण या जिल्ह्याच्या मालकीची आहे.

न्यासाच्या पुढच्या पन्नास वर्षांत अनेक निवडणुका येतील. पिता-पुत्रांची मते वेगळी पडतील, शेजारी-शेजारी वेगळे विचार करतील. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांनी याच मंदिराच्या पायऱ्या एकत्र चढाव्यात, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.