अनोळखी बर्फाचा बेत



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने आणि कारखान्याच्या फाटकाने केले. तेव्हा आम्ही बोनस, महागाई किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलणार, असे संयोजकांनी गृहीत धरले होते. बर्फावर घसरण्याच्या सहलीचा बेत कसा करावा हा आमचा विषय ऐकून टेलिफोनच्या पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. त्यांचेही चुकले नाही. बाहेर उन्हाने डांबर वितळत असता बर्फाच्या गोष्टी सांगणारा माणूस एक तर गारेगारवाला असतो, नाही तर पुढारी!

कामगाराचा आणि स्कीच्या खेळाचा संबंध काय, अशी शंका आपल्यापैकी कोणाच्या मनात असेल तर ती आधी दूर करतो. व्हिएन्ना शहरात १८९५ साली कामगारांना डोंगरावर नेण्यासाठी ‘निसर्गमित्र’ या अर्थाच्या नावाची एक संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत एक शिक्षक होता, एक विद्यार्थी होता आणि एक लोहार होता. त्यातला विद्यार्थी म्हणजे कार्ल रेनर. तो पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांचे मोठे संप झाले, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला. नुसती रजा मिळून भागत नाही, प्रवासही परवडावा लागतो, हे ओळखून लेओ लाग्रांज या उपमंत्र्याने रेल्वेची सवलतीची तिकिटे मिळवून दिली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. सांगावयाचे इतकेच की, रजा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती लढून मिळालेली वस्तू आहे. आणि लढून मिळालेली वस्तू बेत न करता उधळणे हा आमच्या मते गुन्हा आहे.

आता हकीकतीकडे वळतो. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या सभासदांपैकी काही मंडळी कचेरीत आली. त्यांच्यात एक तरुण टर्नर होता. त्याने मोबाईलवर गुलमर्गची चित्रे दाखवली आणि विचारले, "साहेब लोकांची मुले स्विट्झर्लंडला जातात. आपण निदान काश्मीरला का जाऊ नये?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. चौदा जणांनी नावे दिली. पगाराच्या दिवशी प्रत्येकाने ठरलेली रक्कम पेटीत टाकावयाची, असे ठरले. आमच्यापैकी एकानेही पडणारा बर्फ डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आम्ही मात्र जमवलेल्या पैशांचे आणि चौदा जणांच्या हातापायांचे जबाबदार झालो.

गुलमर्ग हे गाव म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवरचे एक बशीसारखे कुरण आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. म्हणजे तिथे सपाटीवर उभा राहिलेला माणूससुद्धा कळसूबाईच्या एक हजार मीटर वर असतो. कुरणाच्या माथ्यावर अफरवट नावाचा डोंगर आहे. त्यावर जाण्यासाठी तारेवरची गाडी आहे; तिला तिथे गोंडोला म्हणतात. तिचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो कोंगडोरीपर्यंत नेतो. दुसरा टप्पा २००५ साली झाला आणि तो जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत चढतो. नवशिक्यांनी खालच्या कुरणात शिकावे, आणि वरचा डोंगर जाणकारांसाठी सोडावा, अशी तिथली साधी रचना आहे.

पहिली चूक आम्हीच केली, आणि ती तारखेची. कारखान्यात रजा कधी मिळेल, संक्रांतीला जोडून किती दिवस येतात, हे सारे आम्ही पाहिले आणि २०२४ च्या जानेवारीतली तारीख ठरवून मोकळे झालो. डोंगराला विचारावयाचे राहून गेले. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. हा तिथल्या कडाक्याच्या थंडीचा काळ. त्या वर्षी हा काळ अर्ध्याहून अधिक उलटला तरी गुलमर्गचे कुरण पिवळे आणि उघडे पडलेले होते. आमच्या हातात तिकिटे होती आणि तिथे बर्फ नव्हता.

आम्ही दोन ठिकाणी फोन केले. खोल्या देणारे गृहस्थ म्हणाले, "खुशाल या, बर्फ काय, आज ना उद्या पडेलच." दुसरा फोन स्की शिकवणाऱ्या एका माणसाला केला. त्याची वर्षाची कमाई त्या दोन-तीन महिन्यांवर अवलंबून, आणि त्यातला एक महिना कोरडा गेलेला. तरी तो म्हणाला, "आत्ता येऊ नका. पैसे वाया जातील. बर्फ पडला की मी स्वतः कळवीन." ज्याचे नुकसान होणार होते त्याने खरे सांगितले. आम्ही तिकिटे रद्द केली. त्यात पैसे गेले, आणि आमच्याच सभासदांनी आमच्यावर ताशेरे झोडले. जानेवारी संपता संपता तिथे बर्फ पडला, आणि त्या माणसाचा फोन आला. अनोळखी ठिकाणाची पहिली चौकशी तिथे हाताने काम करणाऱ्याकडे करावी, एवढे त्या रद्द तिकिटांनी आम्हांला शिकवले.

पुढची तयारी आम्ही करारनामा वाचावा तशी केली. विम्याचे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, तेव्हा साहसी खेळांतली दुखापत त्यातून वगळली असल्याचे आढळले. म्हणून त्यासाठी वेगळा विमा घेतला. सुती कपडा घामाने भिजला की अंगावर थंड होऊन बसतो, म्हणून आतून लोकर घ्यावयाची, असे ठरले. आमचे एक ज्येष्ठ सभासद दोन-दोन पायमोजे चढवण्याच्या विचारात होते. शिक्षकाने कळवले की स्कीच्या बुटात एकच मोजा घालावा. दोन घातले की सुरकुत्या पडून पाय सोलवटतो आणि रक्त अडून उलट जास्त गारठतो. बर्फावरून उन्हाचा बहुतेक मारा परत उसळतो आणि डोळे भाजतात, म्हणून काळ्या चष्म्याला चैन न म्हणता अवजार म्हणावयाचे. झेलम एक्सप्रेसने पुण्याहून जम्मू, आणि तिथून श्रीनगरला रस्त्याने; दरड किंवा बर्फ आडवा येतो म्हणून दोन दिवस मोकळे सोडले. मोकळे दिवस सोडणे म्हणजे आळस, असे काहींना वाटले. यंत्राला सुटे भाग ठेवतात तो आळस नसतो.

निघावयाची तारीख २३ फेब्रुवारी होती. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळी बातमी आली की, गुलमर्गच्या वरच्या उतारावर हिमकडा कोसळला आणि रशियाहून आलेला एक स्कीपटू मृत्युमुखी पडला. रात्रीच टर्नरची आई कचेरीत आली. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "तुम्ही याला परत आणाल ना?" भगिनींनो, व्यवस्थापनाच्या मोठमोठ्या वकिलांपुढे आम्ही उभे राहिलो आहोत, पण इतका अवघड प्रश्न आम्हांला कोणी घातला नव्हता.

सकाळी चौदाही जणांची सभा भरली. हिमकडा का कोसळतो ते आम्ही शिक्षकाला फोनवर विचारून घेतले होते. जुन्या गुळगुळीत भिंतीवर टाके न मारता नवा गिलावा थापला तर तो जसा एकदम सुटून येतो, तसाच जुन्या कच्च्या थरावर पडलेला नवा बर्फ सुटतो. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा धोका सर्वांत अधिक असतो. बर्फाखाली गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरले तर आशा असते. म्हणून वर जाणाऱ्या जाणकारांच्या अंगावर ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि पाठीवर फावडे व टोचून पाहण्याची कांब असते. तिथले गस्ती पथक काही उतार तपासून खुले वा बंद करते. त्या हद्दीबाहेर ज्याचा तो. खालच्या कुरणातल्या शिकण्याच्या जागा मात्र सौम्य उताराच्या.

सभेने ठराव केला: जावे, पण आपल्यापैकी कोणीही पहिल्या टप्प्याच्या वरून स्की करणार नाही, आणि शिक्षकाने नको म्हटले तर त्या दिवशी कोणीही बर्फावर उतरणार नाही. ठराव वहीत लिहिला, खाली सह्या घेतल्या. अनुमोदन टर्नरने दिले.

गुलमर्गला खोल्या महाग, म्हणून तेरा किलोमीटर खाली टंगमर्गला उतरलो. तिथून वर जाताना चाकांना साखळ्या बांधलेली स्थानिक गाडी घ्यावी लागली. कोणी कुरकुर करू लागला, तेव्हा आम्ही म्हणालो, "घाट त्यांचा, साखळी त्यांची, आणि जीव आपला. भाडे द्या."

वर पोहोचताच घसरगाडी ओढणाऱ्यांनी आम्हांला गराडा घातला. माणसाने माणसाला ओढावयाचे, हे आमच्या मंडळींना रुचेना. चौदाही जण मोठ्या तत्त्वाने पायी चालू लागले. एक म्हातारा ओढणारा आमच्या मागोमाग येत म्हणाला की, जानेवारी तर बर्फाविना गेला, आता तुम्ही तत्त्वाने चाललात तर आम्ही काय खावे? आम्ही खाली मान घातली. शेवटी त्याच्या गाडीवर आमचे बूट आणि स्की लादल्या, भाव न पाडता पैसे दिले, आणि बरोबरीने चाललो. तत्त्व सुटले की राहिले, हे आम्हांला आजही नीट सांगता येत नाही.

पहिले दोन दिवस पडण्यात गेले. कुल्ल्यावर कसे पडावे, पुन्हा कसे उठावे, स्कीची टोके जवळ आणि टाचा लांब करून नांगरासारखे कसे थांबावे, एवढाच अभ्यास. तिसऱ्या दिवशी टर्नर बऱ्यापैकी उतरू लागला. दुपारी त्याची काही मुलांशी ओळख झाली. ती दुसऱ्या टप्प्यावरून उतरणार होती. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "एवढ्या लांब आलो. पुन्हा कधी येणार? एकदाच जातो." त्याचे खोटे नव्हते. त्याच्या पगारात पुन्हा येणे कठीणच होते.

आम्ही त्याला हुकूम केला नाही. पिशवीतली वही काढून त्याच्या हातात दिली. त्याने आपली सही पाहिली, वही मिटली आणि एक शब्द न बोलता खालच्या उताराकडे गेला. संध्याकाळी ती मुले हसत-खिदळत सुखरूप खाली आली. रात्री जेवताना तो म्हणाला, "पाहा, काही झाले नाही."

श्रोतेहो, याच वाक्यासाठी आम्ही आज उभे आहोत. तरुणपणी आम्ही ज्या कारखान्यात होतो तिथे एका प्रेसची जाळी काढून ठेवलेली होती. जाळीमुळे काम मंदावते म्हणून. शेकडो दिवस काही झाले नाही. जो हरकत घेई त्याला हेच उत्तर मिळे: "पाहा, काही झाले नाही." एका दुपारी आमच्या शेजारी काम करणाऱ्या मित्राची तीन बोटे गेली. जाळी योग्य होती हे त्या दिवशी सिद्ध झाले असे लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, ती आदल्या शेकडो दिवशीही तितकीच योग्य होती. हे आम्ही टर्नरला सांगितले. तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने खालच्या उतारावर एकदाही न पडता वीस वळणे घेतली, आणि ती मोजावयास आम्हांला मुद्दाम उभे केले.

त्यानंतर २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनला २६ माणसांची हत्या झाली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते आणि एक तिथलाच घोडेवाला होता. कोणताही बेत सर्व संकटे टाळू शकतो, असे म्हणण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. त्या दिवसानंतर आम्ही शिक्षकाला फोन केला, तेव्हा त्याच्याने काही वेळ बोलवेना. पुढे त्याच वर्षीच्या जूनमध्ये कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली, आणि आमच्या कचेरीत पुन्हा काही मंडळी नावे द्यावयास आली. जावे की न जावे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. आम्ही त्यांच्यापुढे ती जुनी वही ठेवली.

बेत म्हणजे तारखांचा आणि खर्चाचा तक्ता, असे आपण समजतो. आमच्या मते बेत म्हणजे थंड डोक्याच्या माणसाने पुढे तापणार असलेल्या स्वतःच्याच डोक्याला लिहिलेले पत्र. कुठे थांबावयाचे आणि कोणाचा शब्द मानावयाचा, हे ते पत्र घरी, खुर्चीवर बसून लिहावे. डोंगरावर पोहोचल्यावर हात थरथरतात आणि मन धावते.

त्या माउलीचा मुलगा आम्ही परत आणला. स्टेशनवर तिने त्याला नखशिखांत पाहिले, उन्हाने रापलेल्या नाकाला हात लावला आणि आम्हांला म्हणाली, "एवढ्या पैशांत काळा होऊन आला की!" आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत याहून चांगली पावती आम्हांला मिळालेली नाही. आता आपली रजा घेतो. ही मात्र बिनपगारी.